कबुली त्याच कचेरीसमोर हवी

कोर्टाचा निकाल चुकला तर वरच्या कोर्टात दाद मागायची, हे नुकता काळा कोट चढवलेल्या पोरालाही ठाऊक असतं. पण वर जायची वाटच बंद असेल तर? आरोपी सुटले, म्हातारे होऊन मेले, साक्षीदारांनी मुलूख सोडला, पन्नास वर्षं उलटली, तर चूक दुरुस्त कुणी करायची? माझं मत असं, की ती त्या गावाने करायची. आपल्या नावानिशी, चारचौघांत, त्याच कचेरीसमोर उभं राहून. असं करणारं एक गाव मी पाहिलं आहे. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं समनर. वस्ती जेमतेम तीनशे. टॅलाहॅची काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, दोन कचेऱ्यांपैकी एक तिथे आहे.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात उभी हयात फौजदारी खटले चालवले. मुलगी मेम्फिसला असते. तिथून दक्षिणेला दोनेक तासांवर समनर. मिसिसिपी डेल्टात उतरलं की रस्त्याला चढ नाही, उतार नाही. गाळाची सपाट जमीन, तिच्यावर नजर जाईल तिथवर कापूस आणि सोयाबीन. कापसाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला ती जमीन परकी वाटत नाही. गावाच्या मधोमध चौक, चौकात विटांची, कमानीदार, मनोऱ्याची कचेरी, भोवती ओळीने दुकानं, त्यातली बरीच बंद. जवळून कॅसिडी बायूचं संथ पाणी जातं. हे गाव कोर्टावर जगलेलं आहे. वकील, कारकून, खरेदीखतं आणि तारखेला येणारी माणसं, एवढाच त्याचा संसार.

काउंटी १८३३ ची. त्याआधी १८३० मध्ये ‘डान्सिंग रॅबिट क्रीक’च्या तहाने चोक्टॉ लोकांची जमीन सरकारने घेतली आणि बहुतेकांना मिसिसिपी नदीपलीकडे घालवून दिलं. मग कापूस आला आणि कापसाबरोबर गुलाम आले. काउंटीचे दोन भाग आहेत. पूर्वेला टेकड्या, लहान शेतकरी आणि चार्ल्सटन हे जुनं ठाणं. पश्चिमेला डेल्टा, तिथलं दलदलीचं जंगल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोडलं गेलं, रेल्वे आली आणि मोठमोठे मळे उभे राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या पश्चिम भागासाठी वेगळं न्यायक्षेत्र झालं आणि समनरला दुसरी कचेरी मिळाली.

गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. मळे मात्र त्याच हातांत राहिले आणि कालचे गुलाम तीच जमीन बटाईने कसू लागले. १८९० मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना केली. मत द्यायचं तर कर भरा आणि राज्यघटनेतलं कलम वाचून किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगा, अशी अट तिने घातली. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणारा कारकून गोरा. १९५५ मध्ये या काउंटीत दर तिघांमागे जवळजवळ दोघे कृष्णवर्णीय होते आणि मतदारयादीत त्यांचं एकही नाव नव्हतं. ज्यूरी निवडायची ती मतदारांतून. बायकांना तर मिसिसिपीत १९६८ पर्यंत ज्यूरीत बसायला मनाई होती. कोणताही खटला उभा राहण्याच्या आधीच ज्यूरी ठरलेली असे: बारा गोरे पुरुष.

त्या ज्यूरीसमोर सप्टेंबर १९५५ मध्ये एमेट टिलच्या खुनाचा खटला आला. एमेट चौदा वर्षांचा, शिकागोचा. सुट्टीत आईच्या मावशीकडे, शेजारच्या लफ्लोर काउंटीतल्या मनी या खेड्याजवळ आला होता. २४ ऑगस्टला तो तिथल्या किराणा दुकानात गेला आणि दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला, असा त्याच्यावर ठपका आला. २८ ऑगस्टच्या पहाटे बाईचा नवरा रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम यांनी मावशीच्या यजमानांच्या, मोझ राइट यांच्या घरातून पोराला उठवून नेलं. तीन दिवसांनी टॅलाहॅची नदीत प्रेत सापडलं. गळ्याभोवती काटेरी तारेने जिनिंगच्या यंत्राचा तीसेक किलोचा लोखंडी पंखा बांधलेला होता.

टॅलाहॅचीचा शेरीफ क्लॅरन्स स्ट्रायडर याला प्रेत तिथेच ताबडतोब पुरून टाकायचं होतं. एमेटच्या आईने, मेमी यांनी, ते शिकागोला आणवलं आणि शवपेटी उघडी ठेवली. आपल्या मुलाचं काय केलं ते सगळ्यांनी पाहावं, हा त्यांचा आग्रह होता. हजारो लोकांनी पाहिलं. ‘जेट’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाने छायाचित्र छापलं आणि ते देशभर गेलं.

आता वकील म्हणून जे खटकतं ते सांगतो. प्रेत टॅलाहॅचीच्या हद्दीत मिळालं म्हणून खटला समनरला आला. पण मारहाण झाली ती सनफ्लॉवर काउंटीत, ड्रू गावाजवळच्या एका कोठारात, हे खटला चालू असतानाच समोर आलं. विली रीड या अठरा वर्षांच्या पोराने कोठारातून आलेला मार आणि किंकाळ्या ऐकल्याची साक्ष दिली. तरी खटला समनरलाच चालला. समनरमध्ये वकील पाच. पाचही जणांनी आरोपींचं वकीलपत्र घेतलं. आरोपींच्या खर्चासाठी दुकानांच्या गल्ल्यावर बरण्या ठेवल्या गेल्या. आरोपीला वकील मिळायलाच हवा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मीही खुनाच्या आरोपींची वकीलपत्रं घेतली आहेत. पण ज्याने पुरावा गोळा करायचा तो शेरीफच बचाव पक्षाचा साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभा राहिला. प्रेत पाण्यात फार दिवस राहिलेलं आहे, ते कुणाचं हे ओळखता येणार नाही, असं त्याने शपथेवर सांगितलं. बोटातल्या अंगठीवर एमेटच्या वडिलांची आद्याक्षरं होती. आईने आपला मुलगा ओळखला होता. तपास करणाराच समोरच्या बाजूला गेला की सरकारी वकील कितीही प्रामाणिक असला तरी उघडा पडतो. जेराल्ड चॅथम हे इथले सरकारी वकील मनापासून लढले, हे त्या खटल्यावर लिहिणाऱ्या अनेकांनी मान्य केलं आहे.

कोर्टाची ती खोली आता १९५५ मध्ये होती तशी करून ठेवली आहे. कठड्याच्या आत ज्यूरीच्या खुर्च्या, न्यायाधीशाचं उंच आसन, शेजारी साक्षीदाराची खुर्ची. खटल्याच्या दिवसांत उकाडा मरणाचा होता आणि खोली खच्चून भरलेली. कृष्णवर्णीय बातमीदारांना बाजूला एक लहानसं टेबल दिलं होतं. डेट्रॉइटहून आलेले खासदार चार्ल्स डिग्ज यांनाही त्याच टेबलावर बसवलं. मी साक्षीदाराच्या खुर्चीपाशी थांबलो. आरोपी बसायचे ती जागा तिथून काही पावलांवर. चौसष्ट वर्षांचे मोझ राइट, बटाईने शेती करणारे, इथे उभे राहिले आणि हात लांब करून त्यांनी मायलमकडे बोट दाखवलं. पोराला नेलं तो हाच. गोऱ्या माणसाविरुद्ध भर कोर्टात बोट उचलणं म्हणजे काय, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी साक्षीदार फुटताना पाहिले आहेत. सावकाराच्या, पाटलाच्या, आमदाराच्या नुसत्या नजरेने जबाब फिरवणारे पाहिले आहेत. त्यांना मी दोष देत नाही, कारण संध्याकाळी त्यांना त्याच गावात परतायचं असतं. मोझ राइट यांनी साक्ष दिली आणि पुढे घरदार सोडून ते शिकागोला गेले. विली रीडही गेला. त्याने नावसुद्धा बदललं.

२३ सप्टेंबरला ज्यूरी आत गेली आणि ६७ मिनिटांत बाहेर आली. दोघेही निर्दोष. मधे थंड पेय प्यायला थांबलो म्हणून एवढा वेळ लागला, असं एका ज्यूरी सदस्याने बाहेर सांगितलं. जानेवारी १९५६ मध्ये ‘लुक’ मासिकात दोन्ही आरोपींचा कबुलीजबाब छापून आला. त्यासाठी त्यांना पैसे मिळाले होते. कुणी काही करू शकलं नाही. अमेरिकेत ज्यूरीने एकदा निर्दोष म्हटलं की त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही, आणि सरकारला अपीलही नाही.

आपल्या वाचकांना नानावटींवरचा खुनाचा खटला आठवत असेल. तो १९५९ चा, म्हणजे त्याच काळातला. मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीने त्यांना आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना तो कौल पटला नाही म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आमच्या कायद्याने ती खिडकी उघडी ठेवली होती. समनरचे न्यायाधीश कर्टिस स्वांगो नेमस्त आणि निःपक्ष म्हणून नावाजले गेले, पण त्यांच्या हातात असं काही नव्हतं. ज्यूरीचा शब्द शेवटचा. म्हणूनच समनरची गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. कायद्याची सगळी दारं जिथे बंद झाली, तिथे उरला तो फक्त गावाचा विवेक.

आणि तो विवेक लगेच जागा झाला नाही. डिसेंबर १९५५ मध्ये याच काउंटीतल्या ग्लेंडोराला पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या क्लिंटन मेल्टन या कृष्णवर्णीय माणसाला एका गोऱ्याने गोळ्या घातल्या. मारणारा मायलमचा मित्र. मार्च १९५६ मध्ये, याच कचेरीत, तोही निर्दोष सुटला. पुढची पन्नास वर्षं समनरमध्ये एमेटचं नाव उघडपणे कुणी काढत नसे. खटल्याच्या सुनावणीची टिपणंसुद्धा गहाळ झाली. जवळजवळ पन्नास वर्षांनी केंद्रीय तपास यंत्रणेला त्यांची एक पुसट प्रत मिळाली. कापूस वेचायला यंत्रं आली, मजुरांची गरज संपली, माणसं रेल्वेने शिकागोला गेली. १९५० मध्ये तीस हजारांवर असलेली काउंटी २०२० मध्ये तेरा हजारांच्या आत आली. आज तिथल्या मोठ्या रोजगारांपैकी एक म्हणजे टटवायलरचा खासगी तुरुंग. चार्ल्सटनच्या शाळेत कृष्णवर्णीय आणि गोरी मुलं १९७० पासून एकाच वर्गात बसत होती, पण वर्षअखेरचा नाच वेगवेगळा होई. तिथे राहणारे अभिनेते मॉर्गन फ्रीमन यांनी १९९७ मध्ये सांगितलं, की एकत्र नाच ठेवा, खर्च माझा. शाळेने ते मान्य केलं २००८ मध्ये.

बदल घडवला तो मतपेटीने. मतदानाचा हक्क मिळाल्यावरही पुष्कळ वर्षं गेली, पण अखेर काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळावर जेरोम लिटल हे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. त्यांनी एमेट टिल स्मृती आयोग नेमला. सदस्य निम्मे कृष्णवर्णीय, निम्मे गोरे. त्यात बेटी पिअर्सन होत्या, गोऱ्या मळेवाल्यांच्या घरातल्या, १९५५ मध्ये खटला ऐकायला स्वतः त्या खोलीत बसलेल्या. २ ऑक्टोबर २००७ रोजी या लोकांनी कचेरीसमोर एमेटच्या नातेवाइकांना बोलावलं आणि काउंटीच्या नागरिकांच्या वतीने ठराव वाचला. न्यायाची भयंकर विटंबना झाली, आमच्या समाजात तुमच्या मुलाचं जे झालं त्याबद्दल आम्हाला अतीव दुःख आहे, असा त्याचा आशय होता. समेटाची सुरुवात खरं सांगण्यापासून होते, असं त्यांनी त्यात म्हटलं.

या ठरावावर तीन आक्षेप घेतले जातात. तिन्ही मी गंभीरपणे घेतो.

पहिला, बावन्न वर्षांनी माफी मागून काय मिळालं? दोन्ही आरोपी तोवर मेलेले होते, मेमी २००३ मध्ये गेल्या. शिक्षा कुणालाच झाली नाही. हे सगळं खरं आहे. पण कोर्टाच्या दप्तरात अजूनही लिहिलेलं आहे की हे दोघे निर्दोष. त्या कागदाच्या विरोधात त्याच काउंटीचा, त्याच कचेरीसमोर वाचलेला दुसरा कागद उभा राहिला, ही गोष्ट लहान नाही. खून झालेल्याच्या घरच्यांना निकालपत्राची तारीख जन्मभर लक्षात असते. कुणीतरी अधिकाराने सांगावं की आमचं चुकलं, याची ते वाट पाहत असतात. माझ्याकडे आलेल्या कितीतरी फिर्यादी घरांत मी ती वाट पाहिली आहे.

दुसरा आक्षेप, हे पर्यटनासाठी केलं. कचेरी मोडकळीस आली होती, एमेटच्या नावावर निधी मिळाला, डागडुजी झाली, २०१५ मध्ये खोली जुन्या रूपात उघडली, चौकात एमेट टिल केंद्र आलं. हे अर्धं खरं असेल. मला त्यात गैर दिसत नाही. ओस पडत चाललेल्या गावाने खरं सांगून चार माणसं आणली तर त्यात लाज कसली? शिवाय ही इमारत नुसतं प्रदर्शन झालेली नाही, तिथे आजही कोर्ट चालतं. ज्या खोलीत तो निकाल लागला तिथेच आजचा आरोपी उभा राहतो, आजची ज्यूरी बसते. आत येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं की इथे एकदा काय झालं. कोर्टाने एवढं ओझं बाळगावं, असं मला वाटतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात जुना: जखमेवरची खपली कशाला काढता? याचं उत्तर नदीकाठच्या पाटीने दिलं आहे. प्रेत सापडलं असं मानतात त्या ग्रॅबॉल लँडिंगला आयोगाने २००८ मध्ये पाटी लावली. ती कुणीतरी नदीत फेकली. दुसरी लावली, तिच्यावर ३१७ गोळ्यांच्या खुणा मोजल्या गेल्या. तिसरीवरही गोळ्या झाडल्या गेल्या. अखेर २०१९ मध्ये दोनशे किलोंहून जड, गोळीने न भेदली जाणारी पोलादी पाटी उभी करावी लागली. जखम भरलेली असती तर पाटीवर गोळ्या कशाला झाडल्या असत्या?

गावं वेशीवर स्वतःबद्दल काय लिहितात ते पाहावं. १९५५ मध्ये समनरच्या वेशीवर पाटी होती: मुलगा वाढवायला चांगलं गाव. कचेरीच्या हिरवळीवर गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या सैनिकाचा पुतळा १९१३ पासून उभा आहे. मी गेलो तेव्हा तो तिथेच होता, आणि त्याच आवारात २००७ ची एमेटची पाटी होती. ज्याला समनर समजून घ्यायचं त्याने दोन्हीपुढे थांबावं. पुतळा कुणी उभारला आणि ज्यूरीत कोण बसलं, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने समनरची कचेरी, ग्रॅबॉल लँडिंग आणि शिकागोतलं अंत्यविधीचं चर्च मिळून राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. दोनच वर्षांत वारं फिरलं. मार्च २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर केंद्राच्या ताब्यातल्या ऐतिहासिक ठिकाणांवरचा मजकूर देशाला कमीपणा आणणारा तर नाही ना, याची तपासणी सुरू झाली. दिल्ली असो की वॉशिंग्टन, वरून आलेला मान वरूनच काढून घेता येतो. २००७ चा ठराव मात्र काउंटीच्या लोकांचा आहे. तो मागे घ्यायचा तर त्यांनाच पुन्हा त्या पायऱ्यांवर उभं राहून तसं म्हणावं लागेल. स्थानिक कबुलीचं बळ यात आहे, आणि म्हणून मी तिला राष्ट्रीय स्मारकापेक्षा मोठं मानतो.

आपल्याकडे तालुक्याचा इतिहास म्हणजे गढी, देवस्थान, स्वातंत्र्यसैनिकांची यादी आणि सहकारी कारखान्याची स्थापना. कोर्टाच्या इमारतीचा शतकमहोत्सव झाला तर स्मरणिकेत न्यायाधीशांचे फोटो छापतो. त्या इमारतीत कुणाला न्याय मिळाला नाही, हे आपण कधी लिहीत नाही. निकाली प्रकरणांचे कागद ठरावीक मुदतीनंतर नियमाप्रमाणे नष्ट होतात, आणि त्यांच्याबरोबर साक्षीदारांचे जबाबही जातात. समनरची टिपणं गहाळ झाली तेव्हा निदान एक पुसट प्रत कुठेतरी होती. आपल्याकडे तीही राहणार नाही.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्याच्या बार असोसिएशनने, इतिहासाचे दोन शिक्षक बरोबर घेऊन, नष्ट करायच्या यादीवर आधी नजर टाकावी. ज्या खटल्यांनी गावाला लाज वाटायला हवी, त्यांचे कागद उच्च न्यायालयाच्या परवानगीने जतन करावेत. आणि जिथे गावाची चूक स्पष्ट आहे, तिथे ग्रामसभेने किंवा नगरपालिकेने ठराव करून ती नोंदवावी, बळी गेलेल्यांच्या घरच्यांना समोर बसवून. आमच्या बारच्या पुढच्या बैठकीत मी हा प्रस्ताव लेखी मांडणार आहे. काही जणांना तो आवडणार नाही, हे मला माहीत आहे. समनरमध्येही काहींना आवडला नव्हता. तरी तिथे तो झाला, आणि ज्या गावाने बारा माणसांच्या तोंडून खोटं वदवलं होतं, त्याच गावाने शेवटी खरं सांगितलं.